सरसर लागली की डावीकडे

माझ्या नणंदेने आयुष्यभर भूगोल शिकवला आणि मी आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या. रस्ता कुठे जातो ते त्यांनी सांगायचं आणि त्यावरून कसं जायचं ते मी सांगायचं, अशी आमची वाटणी. भांडणं व्हायची ती या दोन्हींच्या मधल्या जागेत. गावात त्यांना सगळे बाई म्हणतात, कारण निम्म्या गावाला त्यांनी नकाशा वाचायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्याला वर्गाबाहेर उभं केलं. मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं म्हणून म्हणायला लागले, आणि जिभेला ती सवय लागली ती लागलीच.

निवृत्त झाल्यावर वन्संनी नवीनच उद्योग काढला. नदीकाठच्या कच्च्या वाटा सायकलने पालथ्या घालायच्या आणि त्यांची पुस्तिका करायची. नाव 'निवांत वाटा'. नियम एकच, आणि तो त्यांनी स्वतःच केलेला असल्यामुळे त्यावर अपील नव्हतं. सबंध वाटेत चारपेक्षा जास्त मोटारी दिसल्या तर ती वाट बाद. एकदा पस्तीस किलोमीटरची फार सुरेख वाट पाचव्या गाडीपायी बाद झाली. ती पाचवी गाडी म्हणजे दूधवाल्याची बंद पडलेली व्हॅन होती आणि वर्षभर तिथेच उभी होती, पण वन्सं ऐकतील तर शपथ.

नदीच्या बांधांवर पाट्या नसतात. सगळी वळणं सारखी, दोन्हीकडे मका नाहीतर गवत. खुणेचं झाड सांगावं तर पुढच्या वर्षी कोणीतरी ते तोडून नेलेलं असतं. म्हणून वन्सं वाट कानाने लिहितात. बांधाच्या कुठल्या तुकड्यावर कुठली खडी टाकली आहे हे सहसा बदलत नाही, आणि प्रत्येक खडी टायरखाली वेगळं बोलते. बारीक फोडलेली खडी कुरकुरते, नदीतले गोटे खडखडतात, वाळू मिसळलेली असली की नुसती सरसर होते. त्यामुळे त्यांच्या पुस्तिकेत असं लिहिलेलं असतं: 'गिरणीपासून तीन किलोमीटर कुरकुर. पुढे खडखड लागेल, घाबरू नये. खडखड थांबून सरसर लागली की लगेच डावीकडे उतरावे.' बाहेरगावचे लोक वाचून आधी हसतात, आणि मग कान टवकारून बरोबर पोचतात.

गेल्या वर्षी एका ओल्या उतारावर वन्सं घसरल्या आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, आठ महिने झाले. डॉक्टर म्हणाले, चालवा आता सायकल. वन्सं म्हणाल्या, बघू. शाळेत सहलीच्या बाबतीत बाई 'बघू' म्हणाल्या की ती सहल कधी निघायची नाही, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. त्या रोज अकराला माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसायला लागल्या. गिऱ्हाइकांना कुठल्या वाटेने जा ते सांगायच्या, आणि ती माणसं निघून गेली की बराच वेळ दारातून बाहेर बघत राहायच्या. मला ते बघवायचं नाही. भांडायला समोर कोणी तरी तगडं माणूस लागतं, आणि माझ्या समोरचं तगडं माणूस दिवसेंदिवस म्हातारं होत चाललं होतं.

मग आम्ही दोघा नवरा-बायकोंनी आपापली अक्कल चालवली. माझा नवरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून आहे. तो एक दिवस चष्मा मुद्दाम घरी विसरला आणि बहिणीला फोन केला, ताई, तेवढा सायकलवरून आणून दे. वन्सं एक तास चालत गेल्या, चष्मा त्याच्या नाकावर ठेवला आणि एक तास चालत परत आल्या. माझी युक्ती जरा बरी होती. त्यांच्या सायकलचा ब्रेक नवा बसवला आणि म्हटलं, चालवणाऱ्याने एक चक्कर मारल्याशिवाय ब्रेक नीट जुळवता येत नाही. त्यांनी हॅन्डलला हात घातला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि हात काढून घेतला. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण ते चेहऱ्यावर कळतं.

"तुम्ही दोघं मला काचेचं भांडं समजायला लागलात," त्या म्हणाल्या. "माझी कीव करायची गरज नाही. ही सायकल विकून टाक. महिनाअखेरपर्यंत नाही गेली, तर मी स्वतः कोणाला तरी देऊन टाकेन."

आवाज चढवून म्हणाल्या असत्या तर मी उलट बोलले असते. त्या शांतपणे म्हणाल्या, म्हणून मी सायकल दुकानातल्या हुकाला टांगली आणि 'विकणे आहे' अशी चिठ्ठी लावली. त्यानंतर तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनाही मी हळूच सांगितलं की हिचा ब्रेक काही खरा नाही. स्वतःच्या हाताने बसवलेल्या ब्रेकची अशी बदनामी मी जन्मात केली नव्हती. पण महिना संपायला तीन दिवस उरले, आणि वन्सं शब्दाच्या पक्क्या आहेत.

त्या रविवारी पुस्तिकेतल्या शेवटच्या वाटेची चाचणी होती. वन्संनी ती मनगट मोडण्याच्या आधी एकटीने पाहून ठेवली होती, आता टिपणं लिहून दिली होती. छापायच्या आधी कोणीतरी ती टिपणं हातात घेऊन जाऊन यायचं, अशी पद्धत. गिरणीपासून बांधावर चढायचं, कुरकुर, खडखड, सरसर, डावीकडे उतरून नावेचा धक्का, नदी ओलांडायची आणि पलीकडच्या काठाने पुलापर्यंत. आम्ही अकरा जण होतो. औषधांच्या दुकानाचे मालक होते, दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, निवृत्त स्टेशनमास्तर आणि त्यांची बायको होती, बाकी नेहमीची मंडळी. पुढे मी. वन्सं माझ्या जागी दुकानात बसणार होत्या.

"तीनला नाव सुटते," निघताना त्यांनी सांगितलं. "नावाडी कोणासाठी थांबत नाही. आणि फोनमध्ये नकाशा बघायचा नाही."

"त्यात बांध दिसतच नाही," मी म्हटलं. "हिरवा डाग दिसतो नुसता."

"म्हणूनच," वन्सं म्हणाल्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला अजून त्रास होतो. या वर्षी मी गावभर रुंद टायरचं वेड लावलं होतं. चांगला जाडजूड टायर, आत हवा बेताची, म्हणजे खडीवर अंग हिंदकळत नाही, पाठ दुखत नाही. मी हे इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने सांगितलं की औषधवाल्यांनी आधी घेतले, मग डॉक्टरीणबाईंनी, मग सगळ्यांनीच. त्या दिवशी अकराच्या अकरा सायकलींना माझ्या हातचे रुंद टायर होते. बांधावर चढलो आणि स्टेशनमास्तर म्हणाले, वहिनी, गादीवरून चालल्यासारखं वाटतंय हो. मी मान ताठ करून पुढे निघाले.

काय सुंदर सकाळ होती. एका बाजूला नदी, काही ठिकाणी रुंद आणि आळशी, काही ठिकाणी अरुंद आणि घाईत. दुसऱ्या बाजूला मक्याचा वास. एक लाल विटांचं पंपघर लागलं, त्याच्या पायरीवर दोन पांढरी बदकं बसली होती. पुढे गुरं पाण्यात उतरलेली, एक लाकडी पूल, मग वळणामागून वळण. एकही मोटार नाही. मी मनात म्हणत होते, वन्संनी वाट काढावी तर अशी. खडखड केव्हा लागते याकडे माझं लक्ष होतं, पण सायकल मऊ चालली होती आणि मागे डॉक्टरीणबाई कोणाच्या तरी अक्कलदाढेची गोष्ट रंगवून सांगत होत्या.

थोड्या वेळाने पुन्हा एक लाल पंपघर लागलं. पायरीवर दोन पांढरी बदकं.

"ही बदकं मघाशी बघितली होती," औषधवाले म्हणाले.

"पांढरी बदकं सगळी सारखीच दिसतात," मी म्हटलं.

आम्ही पुढे गेलो. गुरं, लाकडी पूल, वळणं. तिसऱ्यांदा तीच बदकं दिसली, तेव्हा एक बदक उठून उभं राहिलं आणि आमच्याकडे बघायला लागलं.

मग मी थांबले. नदीने तिथे मोठा वळसा घेतला होता आणि बांध त्या वळशाभोवती फिरून लाकडी पुलावरून पुन्हा पहिल्याच जागी येत होता. बाहेर पडायची वाट कुठेतरी या फेऱ्यातच होती. सरसर लागल्यावर डावीकडे. पण सरसर लागलीच नव्हती. खडखडही नाही, कुरकुरही नाही. सकाळपासून मी खडीचा एक शब्द ऐकला नव्हता. दोन वाजत आले होते. डावीकडे उतरणाऱ्या पायवाटा मी मोजल्या, त्या सात निघाल्या. त्यातल्या दोन उतरून पाहिल्या. एक चिखलात संपली, दुसरी एका बैलापाशी.

मी दुकानात फोन लावला. नवरा तिथेच बहिणीला डबा द्यायला आलेला होता, त्याने उचलला आणि तिच्या हातात दिला.

"पंपघराच्या इथे आहोत," मी म्हटलं. "बदकांपाशी."

"ते तर धक्क्याच्या आधी कितीतरी," वन्सं म्हणाल्या. "खडखड केव्हा संपली?"

"लागलीच नाही."

"असं कसं होईल? टायरखाली काय ऐकू येतंय?"

मी सायकल दोन पावलं ढकलून पाहिली. "काहीच नाही."

मग त्यांनी विचारलं, "टायर कुठले घातलेस?" आणि मी उत्तर देणार तेवढ्यात फोनची रेंज गेली.

आता आमची अवस्था बघा. आम्ही सकाळपासून तीस किलोमीटर फिरलो होतो आणि फिरून फिरून दुकानापासून सरळ बांधाने सहा किलोमीटरवर येऊन बसलो होतो. गिरणीजवळ बांधाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले आहेत, मोटार आत येऊच शकत नाही. माझ्या नवऱ्याला सायकल येत नाही. सायकलवाल्या बाईचा नवरा असून येत नाही, हे गावात जुनं झालं. म्हणजे आम्ही मुकाट्याने परत फिरायचं आणि वाट बाद समजायची, एवढाच मार्ग होता. उकडलेली अंडी संपली होती. स्टेशनमास्तरांची बायको गवतावर आडवी झाली होती. मला नावेचं काही वाटत नव्हतं. वन्संची शेवटची वाट माझ्या हातून बाद होणार, याने मला रडायला येत होतं.

अडीचला बांधाच्या वळणावर कोणीतरी दिसलं. हळू येत होतं, जरा वाकडंतिकडं, अगदी मधोमध. औषधवाले उठून उभे राहिले. "बाई आहेत," ते म्हणाले, आणि बाई वर्गात आल्यासारखे आम्ही सगळेच उभे राहिलो.

वन्सं येऊन थांबल्या. सायकलला अजून चिठ्ठी लटकत होती. चेहरा लाल झाला होता आणि हॅन्डलवरची बोटं इतकी घट्ट होती की त्यांनी एकेक करून सोडवली. कोणी काही बोलायच्या आत डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"काय युक्ती केलीत हो वहिनी," त्या मला म्हणाल्या. "बाईंना सायकलवर बसवलंत शेवटी. आम्हाला पण कळू दिलं नाहीत."

सगळ्यांचे चेहरे उजळले. तीनदा बदकांपाशी कसे आलो याचा उलगडा झाला म्हणून त्यांना हायसं वाटलं असावं. स्टेशनमास्तर माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. मी फक्त जरासं हसण्याचा अवकाश, की दहा माणसांना दिवसभर गोल फिरवणारी बाई एकदम मोठी चतुर ठरली असती.

वन्सं मात्र माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "खरंच का गं?" त्यांनी विचारलं. "पुन्हा तेच केलंस?" मग त्यांनी सायकल वळवायला घेतली. गावाकडे.

मी हो म्हटलं असतं तर त्या गेल्या असत्या, आणि सायकल तीन दिवसांनी गेली असती. हे मला लख्ख कळलं. तरी शब्द बाहेर पडायला वेळ लागला, कारण तो शब्द वन्संसमोर मी एकतीस वर्षांत उच्चारला नव्हता, आणि टायरच्या बाबतीत तर कोणाहीसमोर नाही.

"वन्सं, मी चुकले," मी म्हटलं.

त्या थांबल्या.

"युक्ती वगैरे काही नाही. मी खरोखर हरवले. टायर रुंद आहेत, हवा कमी आहे, त्यामुळे खडी बोलतच नाही. हे मला सुचायला हवं होतं आणि सुचलं नाही. सगळ्यांना मीच ते घ्यायला लावले. मला वाट सापडत नाहीये."

डॉक्टरीणबाईंचे हात टाळी वाजवता वाजवता हवेतच राहिले. वन्संनी सायकल उभी केली, माझ्या पुढच्या चाकापाशी वाकल्या आणि अंगठ्याने टायर दाबला. मग औषधवाल्यांचा दाबला. मग स्टेशनमास्तरांचा. वह्या तपासाव्यात तशा अकरा सायकली तपासल्या.

"सगळे सारखेच," त्या म्हणाल्या. "उशा आहेत नुसत्या." मग माझ्याकडे वळल्या. "किती वेळा आलात इथे?"

"तीनदा."

"आणि बदकं बघून कळलं नाही?"

"मी म्हटलं, दुसरी असतील."

वन्संना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग त्या हॅन्डलवर ओणव्या होऊन डोळे पुसायला लागल्या. आठ महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

"पंप काढू का?" मी विचारलं. "हवा भरते सगळ्यांची."

"बावीस चाकं? नाव काय संध्याकाळी सुटते का? एकीला ऐकू आलं तरी पुरे आहे. माझ्या मागे या आणि कोणी बोलू नका." अक्कलदाढेची गोष्ट तिथेच राहिली.

त्या पुढे निघाल्या. पहिले काही मीटर चाक डुगडुगलं, मग सरळ झालं. मी अगदी मागे होते, आणि त्यांच्या बारीक, टणक टायरखाली खडी बोलायला लागली. आधी कुरकुर. मग एका जागी, जिथून आम्ही तीनदा मऊमऊ निघून गेलो होतो, खडखड सुरू झाली, इतकी स्पष्ट की मला लाज वाटली. वन्सं मागे न बघता डावा हात वर करत होत्या, ऐका म्हणून. तो मोडलेलाच हात होता. हॅन्डलवर एकच हात राहिलाय हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं, आणि मी ते लक्षात आणून दिलं नाही.

मग खडखड थांबली आणि सरसर लागली. वन्सं थांबल्या. डावीकडे गवतात एक वाट होती. मी मोजलेल्या सातांत ती नव्हतीच. उतार तीव्र होता आणि खडी सुटी. त्या क्षणभर वर उभ्या राहिल्या, खाली बघितलं, मग पाय टाकून उतरल्या आणि सायकल हाताने धरून चालत निघाल्या.

"इथे मी चालत जाणार," त्या म्हणाल्या. "ज्यांना हाडं प्यारी आहेत त्यांनीही चालावं." बाराजणांची वरात चालत खाली गेली. खाली पोचल्यावर त्या पुन्हा चढल्या, कोणाची वाट न बघता.

तीनला दोन मिनिटं कमी असताना आम्ही धक्क्यावर आलो. नावाडी दोर सोडतच होता. त्याने वन्संना पाहिलं आणि दोर पुन्हा खुंटीला गुंडाळला. "बाई, बऱ्याच दिवसांनी," तो म्हणाला. सायकली आडव्या टाकून आम्ही बसलो. त्यांना परत जायचं असतं तर तिथूनच जाता आलं असतं, गाव जवळ होतं. त्या बसल्या. पलीकडून पुलापर्यंत अठरा किलोमीटर आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

नाव मध्यावर आली. वन्सं पलीकडच्या काठाकडे डोळे बारीक करून बघत होत्या. "पुलाच्या खालच्या अंगाला तो काठ कुठवर जातो, कोणी पाहिलंय?" त्यांनी विचारलं. कोणी पाहिलं नव्हतं. नावाडीही म्हणाला, त्या बाजूला मी जात नाही.

"मग पुढच्या रविवारी बघायला हवं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "मी पुढे राहीन. तुझ्या एकटीच्या भरवशावर माणसं पाठवण्यात काही अर्थ नाही."

सायकलच्या बाबतीत मी कधी कोणाचं ऐकून घेत नाही. नदीकडे तोंड केलं, कारण डोळे भरले होते आणि नावाड्याला ते दाखवायचे नव्हते.

"नाही हो वन्सं," मी म्हटलं, "खरंच काही अर्थ नाही."